पायाळूचा पाय

गणपती पोचवून चार दिवस झाले आणि कृष्णातच्या पेल्यावरचा फेस उतरला.

पेठेतल्या दूध कट्ट्यावर ही लहानसहान गोष्ट नव्हे. तिथं संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला ओळीनं उभ्या राहतात, गिऱ्हाईक समोर थांबतं, मालक पेला घेऊन खाली बसतो आणि धार थेट पेल्यात मारतो. दूध तेच, म्हस तीच. पण पेल्यावर दोन बोटं फेस उभा राहिला नाही तर कोल्हापूरचा माणूस तोंड वाकडं करतो. तो फेस यायचा मनगटाच्या जोरावर. कृष्णात सव्वीस वर्षं त्या कट्ट्यावर बसत होता. त्याच्याकडं पेला पिऊन मिशीवरचा फेस न पुसता घरी जाणारी माणसं होती.

"कृष्णातदा, पानी घातलंसा काय?" अमरसिंह नावाच्या रोजच्या गिऱ्हाइकानं एकदा पेला उजेडाकडं धरून विचारलं.

"डोळ्यांदेखत काढलंय की रं!"

"मग फेस कुठं हाय?"

कृष्णात मान चोळत पुढच्या पेल्याला बसला. दुखणं त्याच्या उजव्या मानेतून निघायचं, खांद्यामागून दंडात उतरायचं आणि मधल्या बोटाच्या टोकाशी जाऊन मुंग्या येत बसायचं. धार काढायला बसला की ते जास्त ओरडायचं. त्याला एकच उपाय सापडला होता. उजवा हात उचलून टाळूवर ठेवला की कळ जरा थांबायची. म्हणून घरी आल्यावर तो उंबऱ्यात तसाच बसायचा, डोक्यावर हात घेऊन.

आता भर सणासुदीत घरचा कर्ता डोक्यावर हात घेऊन उंबऱ्यात बसला तर गाव गप्प बसतंय होय? शेजारची धोंडुबाई कुंपणापलीकडून ओरडायची, "अरं ए कृष्णात! कोण मेलंय का तुझं? हात काढ खाली. दळिद्र बोलवायलाईस घरात!" तो हात काढायचा. ती आत गेली की परत ठेवायचा.

आणि खरं सांगायचं तर धोंडुबाईला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. ज्याच्या घरात झुंबरबाई आहे त्यानं मान धरून बसावं?

झुंबरबाई म्हणजे कृष्णातची बायको. ती पायाळू. आईच्या पोटातून आधी तिचे पाय बाहेर आले होते. कुणाची कंबर धरो, पाठीत उसण भरो, लचक भरो, नदीपलीकडच्या त्यांच्या गावात माणूस आधी झुंबरबाईचं दार गाठायचा. पहाटे, तोंडातून शब्द न काढता, उंबऱ्यात पालथं पडायचं आणि तिनं उजव्या पायानं तीनदा दाबायचं. लग्न ठरलं तेव्हा सासूनं तिचा रंग बघितला नाही, उंची बघितली नाही. पायाळू आहे एवढं ऐकून सुपारी फोडली होती. तीस वर्षांत तिनं कुणाकडून कधी काही घेतलं नाही. माणसं वाकडी यायची, सरळ जायची, आणि त्या दिवशी झुंबरबाईच्या भाकरीला जरा जास्तच पापुद्रा यायचा. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून ढग वाजला की मात्र ती घराबाहेर पाऊल टाकायची नाही. एवढाच काय तो त्या पायांचा जाच.

सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे कृष्णात स्वतःच पोतं अंथरून पालथा पडला. झुंबरनं चूळ भरली, पाय धुतले आणि त्याच्या खांद्यामागच्या खवाट्यावर पाय ठेवला. एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. बोलायचं नसतं, पण कृष्णातनं डाव्या हातानं खूण केली. वर. आणखी वर. मानेजवळ. तिनं टाच मानेच्या मुळाशी नेली आणि अंग टाकलं.

आत काहीतरी कट्ट वाजलं. कृष्णात बैलासारखा ओरडला.

त्या दिवसापासून कळ कमी झाली खरी, पण हातातलं बळच गेलं. शर्टाचं बटण लागेना. पेंडीची पाटी उचलायला गेला तर बोटं उघडी पडली आणि पाटी पालथी झाली. झुंबरनं पेंड गोळा केली. त्या घरात मग चार दिवस माणसं नुसती इकडून तिकडं फिरत होती. बसलं की उठावं वाटायचं, उठलं की काय करायचं ते आठवायचं नाही.

शेवटी त्यांचा मुलगा उदयसिंह, जो शिरोलीला कारखान्यात पाळीवर जायचा, चिडून म्हणाला, "आबा, दवाखान्यात चला न्हायतर म्हशी इकूया. असं किती दिस?" म्हशी विकायचं नाव निघालं आणि कृष्णात उठला.

*

डॉक्टर प्रसेनजीत कांबळ्यांचा दवाखाना मंगळवार पेठेतल्या एका बोळात होता. एक बाकडं, एक पडदा, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी: 'सलाईन मागू नये.' डॉक्टर चाळिशीचा, जाडजूड, बोलायला फटकळ.

"सुई मारा डाक्टर," कृष्णातनं बसायच्या आधी सांगितलं. "सांजला कट्टा हाय. लई येळ न्हाय."

"सुई कुठं पळून जात नाही. शर्ट काढ आधी."

कृष्णातची बोटं बटणाशी झटायला लागली. वरचं एक कसंबसं निघालं, दुसरं निघेना. झुंबर पुढं झाली आणि तिनं लहान लेकराची काढावीत तशी बटणं काढली. बाकड्यावरच्या दोन बायकांनी तोंडं फिरवली. कृष्णातचे कान लाल झाले.

डॉक्टरनं मान फिरवून बघितली, टाचणीनं बोटं टोचून बघितली. मग रबरी हातोडीनं डाव्या कोपरामागं टकटक केलं. डावा हात उडाला. उजव्या कोपरामागं केलं. हात तसाच लोंबत राहिला.

"ह्यो मेला काय?" कृष्णातनं हाताकडं बघत विचारलं.

"मेला नाही. रुसलाय. डोक्यावर ठेव बघू. आता कसं वाटतंय?"

"आता बरं वाटतंय."

"घरात असाच बसतोस?"

"बसतो. पर शेजारची म्हातारी शिव्या घालती. दळिद्र येतंय म्हणं."

"म्हातारीला सांग, डॉक्टरनं बसायला सांगितलंय. मानेतनं हाताला नस जाती, ती दबली आहे. हात वर घेतला की तिला जरा मोकळीक मिळती. तुझ्या हातानं मला निम्मं सांगून टाकलं. आता धार काढायला कसा बसतोस तेवढं दाखव."

"म्हस कुठं हाय हितं?"

"मी म्हस," डॉक्टर म्हणाला आणि आडवा उभा राहिला.

बाकड्यावरच्या बायका फिस्सकन हसल्या. कृष्णात स्टुलावर बसला, पण डॉक्टरच्या पोटाला डोकं लावायला तयार होईना. "लाव रं, लाथ मारणार नाही," असं दोनदा ऐकल्यावर त्यानं कपाळाची उजवी बाजू त्या पोटात रोवली, मान वर उचलून डावीकडं पिळली आणि हवेत दोन्ही हात चालवले. दुसऱ्याच हिसक्याला त्याच्या तोंडातून "आई गं" निघालं.

"किती वर्षं असा बसतोस?"

"सव्वीस. रोज दोनदा. म्हशीला डोस्कं लावलं की ती हालत न्हाय, पान्हा सोडती. आमच्यात समदी असंच बसत्यात."

"म्हशीची सोय झाली, मानेची वाट लागली." डॉक्टर खुर्चीत बसला आणि त्याचा आवाज बदलला. "आता खरं सांगायचं. कुणी मान मोडली? चोळली? पायबिय दिला?"

"न्हाय," कृष्णात लगेच म्हणाला.

झुंबरनं डॉक्टरकडं बघितलं नाही. तिनं स्वतःच्या पायाकडं बघितलं आणि उजवा पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या, मानेचे दोन व्यायाम करून दाखवले आणि धार काढायची नाही असं बजावलं. मग कृष्णातच्या उजव्या हातात स्वतःची दोन बोटं देऊन म्हणाला, "दाब." कृष्णातनं दाबलं. डॉक्टर झुंबरकडं वळला. "मावशी, हे काम तुमचं. रोज सकाळी अशी दोन बोटं द्यायची, जोर बघायचा. वाढला तर देवाची कृपा. तेवढाच राहिला तरी थांबू. पण कालच्यापेक्षा उतरला, तर त्याच दिवशी माझ्याकडं यायचं. पाय जड पडले, चालताना तोल गेला, लघवी अडली, तर घड्याळसुद्धा बघायचं नाही. नस फार दिवस दबून राहिली तर हात परत येत नाही. कळलं?"

"व्हय," झुंबर म्हणाली.

बोळातून बाहेर पडल्यावर ती हळूच म्हणाली, "न्हाय का म्हनलासा?"

"काय सांगू? बायकूनं लाथ घातली म्हनून?" कृष्णात पुढं चालत राहिला. "गावात कळलं तर तुझ्या दारात कुत्रं ईल का मागनं?"

*

पहिल्या सकाळी झुंबरनं दोन बोटं दिली. त्यानं दाबली. दवाखान्यात दाबली होती तेवढीच.

दुसऱ्या सकाळी जोर जरा कमी वाटला. कमी वाटला की खरंच कमी होता? तिनं परत दाबायला लावलं. कमीच होता.

"कसा हाय?" त्यानं विचारलं.

"कालच्याएवढाच," ती म्हणाली.

का म्हणाली ते तिचं तिला ठाऊक. उतरला म्हणावं तर दवाखान्यात जावं लागणार, डॉक्टर परत विचारणार, आणि यावेळी कृष्णात 'न्हाय' म्हणत असताना तिच्याच्यानं शेजारी उभं राहवणार नव्हतं. तिसऱ्या सकाळीही तेच झालं. चौथ्या सकाळी कृष्णातचा चेहरा दाबताना वाकडा झाला, आणि तिच्या बोटांना कुणी नुसतं धरल्यासारखं वाटलं. "हाय की जोर," ती म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. भाकरी तव्यावर करपली. तिनं ती म्हशीला घातली, मग उठून गोठा झाडला, झाडलेला परत झाडला.

सकाळची घरची धार ती काढत होती. पण संध्याकाळी कृष्णात ऐकेना. कट्ट्यावर त्याची विजेच्या खांबाजवळची जागा होती. चार दिवस ती रिकामी राहिली की पाचव्या दिवशी तिथं दुसऱ्याची म्हस उभी राहते. त्यात कोजागिरी आठवड्यावर आलेली. त्या दिवशी कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नसते. उदयसिंहची पाळी संध्याकाळची, आणि तशीही कट्ट्यावर जाणारी मोरणी म्हस त्याला शिवू द्यायची नाही. झुंबरनं एकदा म्हणून बघितलं, "मी येऊ काय कट्ट्यावर?" कृष्णात तिच्याकडं असा बघत राहिला की तिनं विषय सोडला. कट्ट्यावर धार काढायला बाई बसलेली आजवर कुणी बघितली नव्हती.

मग तो एकटाच डाव्या हातानं धार काढायचा आणि उजव्या हातात पेला धरायचा. पाचव्या संध्याकाळी अमरसिंहचा पेला त्याच्या बोटांतून सुटला. काचा झाल्या, दूध गटारीकडं गेलं, मोरणी दचकून बाजूला सरकली आणि मागच्या माणसाच्या पायावर तिचं खूर पडलं.

"पावणं, जमत न्हाय तर बसता कशाला?" तो माणूस एका पायावर नाचत ओरडला. त्याला कृष्णात कोण ते ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांत कट्ट्यावर त्याला पावणं कुणी म्हटलं नव्हतं.

हे झुंबरला कट्ट्यावरच्याच गुंडूनं येऊन सांगितलं. गुंडू म्हणजे कृष्णातच्या शेजारी म्हस बांधणारा, मनानं चांगला पण तोंडाला झाकण नसलेला. "वयनी, दादा काचा येचत हुता," तो म्हणाला. "बोट कापलं तरी त्येला कळलं न्हाय बगा. रगात आमीच दावलं."

बोट कापलेलं कळलं नाही.

*

सकाळी तिनं बोटं दिली नाहीत. "आज ऱ्हाऊ दे," म्हणाली. दुपारी कृष्णात जरा कलंडला तेव्हा ती निघाली.

परतीच्या पावसानं गगनबावड्याकडून काळं करून आणलं होतं. गावच्या वेशीत येईपर्यंत पहिला ढग वाजला. झुंबर थांबली. उभ्या जन्मात ढग वाजल्यावर ती उघड्यावर थांबली नव्हती. लग्नाच्या वरातीतसुद्धा तिला गोठ्यात नेऊन बसवलं होतं. छत्री तिनं घेतलीच नव्हती, लोखंडाची काडी नको म्हणून. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. समोर शंभर पावलांवर शहरात माणसं नेणारी वडापची गाडी भरत होती आणि मधे सगळा उघडा माळ. वीज चमकली तेव्हा तिला स्वतःचे दोन्ही पाय पांढरे दिसले.

"पडायची तर पड ह्येंच्यावर," ती मोठ्यानं म्हणाली आणि चालायला लागली. भीती वाटत होतीच. पण ती चालली.

दवाखान्यात डॉक्टर एकटाच होता. तिनं चिखलाचे पाय दाराबाहेर ठेवले आणि तिथूनच बोलली.

"मी पायाळू हाय. मीच पाय दिला त्येंच्या मानंवर. अमुशाला. कट्ट वाजलं. आनी जोर रोज उतरायलाय, मी खोटं सांगायलेय."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. झुंबरला वाटलं की आता हाकलतोय.

"किती दिवस उतरतोय?"

"चार. आनी काल बोट कापल्यालं कळलं न्हाय."

"चार दिवस! मावशी, हाताचं काम होतं हे! मी कशासाठी बोंबललो होतो?" तो खरोखरच चिडला होता. मग त्यानं तिला आत बोलावलं, बसवलं, आणि एकेक विचारत गेला. मुंग्या कधीपासून? फेस कधीपासून गेला? पाय दिला त्याच्या आधी का नंतर?

"फेस... गनपती पोचवल्यावर लगीच."

"म्हणजे आधी."

"आधी." तिनं वर बघितलं. "मग माझ्या पायानं न्हवं?"

"नस आधीपासून दबली होती, ते नक्की. पण तुमच्या पायानं काहीच झालं नाही, असं मी सांगणार नाही. कमरेचं एक वेळ सोडा, पण मान ही पायाखाली घ्यायची जागा नव्हे. कुणाचीच. दुखणं आतनं कुठनं येतंय हे वरनं टाचेला दिसत नाही."

झुंबर रडली. लपवून नाही, चांगली हुंदके देऊन रडली. डॉक्टरनं तेवढ्यात फोन उचलला आणि राजारामपुरीतल्या मोठ्या दवाखान्यात उद्या सकाळची वेळ घेतली.

घरी आल्यावर तिनं कृष्णातला सगळं सांगितलं. आधी डॉक्टरला सांगितलं ते, मग बोटांचं. त्यानं पहिलं ऐकून मान डोलवली. दुसरं ऐकल्यावर त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं.

"मला वाटत हुतं," तो म्हणाला. "मला कळत हुतं की गं, जोर न्हाय म्हनून. तू हाय म्हनायचीस, मग मला वाटायचं आसंल."

राजारामपुरीत त्याला नळीसारख्या यंत्रात घातलं, फोटो काढले. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं की मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली आहे. गोळ्या बदलू, पंधरा दिवस रोज जोर बघू. आणखी उतरला तर ऑपरेशन, थांबला तर वाट बघू. हात पहिल्यासारखा होईल का, असं कृष्णातनं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा 'बघू' एवढंच उत्तर आलं.

*

कोजागिरीच्या दिवशी दुपारी झुंबरनं मोरणीचं दावं सोडलं.

"कुठं निघालीस?" कृष्णातनं विचारलं.

"कट्ट्यावर. तुमी पेलं धरा. डाव्या हातानं."

"लोक काय म्हनतील?"

"वीज पडली न्हाय माझ्यावर," ती म्हणाली. "लोकांचं काय घिऊन बसलासा?"

पुलावरून तासाभराची चाल होती. विजेच्या खांबाजवळ पोचली तेव्हा तिथं एकाची म्हस उभी होती. गुंडूनं ओरडून ती हलवायला लावली. झुंबरनं कास धुतली, रेडकू सोडलं, ओढून घेतलं, पदर खोचला आणि खाली बसली. कट्ट्यावरची पन्नासभर माणसं वळून बघू लागली. तिनं डोकं म्हशीला लावलं नाही. मान सरळ ठेवली, डॉक्टरनं दाखवली होती तशी. मोरणीला ते आवडलं नाही. ती दोनदा पाय झाडून बघू लागली. झुंबरनं तिला एक शिवी दिली आणि पहिली धार पेल्यात मारली.

पेला भरला. कृष्णातनं तो डाव्या हातानं घेतला आणि अमरसिंहपुढं धरला. अमरसिंहनं उजेडाकडं धरून बघितलं. दोन बोटं फेस.

"आयला," तो म्हणाला. "फेस घरातच हुता की!"

मग जी रीघ लागली ती हटेना. मधेच गुंडू मान वाकडी करून आला. "वयनी, सकाळधरनं मान फिरंना बगा. रिकामी झालीस की जरा पाय दे की."

"पाय न्हाय," झुंबर धार न थांबवता म्हणाली. "मंगळवार पेठंत कांबळे डाक्टरकडं जा. फटकळ हाय, पर मानूस बरा हाय."

"आनी तुझा पाय?"

"चालाया लागतोय मला."

कृष्णात खांबाला टेकून उभा होता. पेले देऊन झाले की त्याचा उजवा हात आपसूक डोक्यावर जात होता. कुणीतरी म्हणालं, "दादा, धंदा जोरात आनी डोक्यावर हात?" त्यानं हात काढला नाही.

शेवटचा पेला गेला तेव्हा डोंगरामागून चंद्र वर आला होता. झुंबर उठली, कंबर सरळ केली, पदराला हात पुसले. सकाळी गडबडीत राहून गेलं होतं. तिनं दुधाचा वास येणारी दोन बोटं त्याच्यापुढं धरली.

"दाबा."

त्यानं हात डोक्यावरून खाली घेतला, तिची बोटं धरली आणि दाबली. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली. म्हशी हलत होत्या, माणसं पांगत होती. तो तिच्या तोंडाकडं बघत होता आणि तिला ठाऊक होतं तो काय बघतोय.

"कालच्याएवढाच हाय," ती म्हणाली. "वाढला न्हाय."

"उतरला?"

"न्हाय. उतरलाबी न्हाय."

"खरं?"

"खरं."

त्यानं मान हलवली. बोटं मात्र सोडली नाहीत, आणि तिनंही ती काढून घेतली नाहीत.